परिचारिकेच्या पदवीपुढील वाट आणि आपली भूमिका

चिकित्सेचे चार पाद आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तोंडपाठ असतात: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात या चौघांचे प्रत्येकी चार गुण सांगितले आहेत. परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे गुण होत. या क्रमात ज्ञान पहिले आहे, याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. आपल्या व्यवसायबंधूंनी पहिल्या दोन पादांचे पुष्कळ चिंतन केले. पदव्युत्तर शिक्षण, औषधीनिर्माण, प्रमाणीकरण या विषयांवर आपली अधिवेशने भरली, ठराव झाले. तिसऱ्या पादाच्या वाट्याला मात्र आपल्या रुग्णालयांच्या पगारपत्रकातील एक ओळ आली. प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही, हे आरंभीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावातील छोट्या रुग्णालयात मानोरा तालुक्यातील एक परिचारिका नऊ वर्षे काम करीत होती. जी. एन. एम. पदविका, हात अत्यंत सफाईदार आणि नजर तीक्ष्ण. रात्री दोन वाजता तिने केलेला दूरध्वनी कधी अनाठायी नसे. माझ्याच आग्रहावरून तिने दोन वर्षे बाहेर राहून पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग पूर्ण केले. परत आल्यावर एक दिवस तिने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या अभ्यासक्रमाची माहिती असलेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “सर, इतकं शिकून सही आपली नाई, त मंग शिकाचं कायले?” मला उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न उद्धट नव्हता, निराशेचाही नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी मी जी माहिती गोळा केली, तिच्यावरून जे मत बनले, तेच येथे मांडीत आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पदवीनंतर विशेष शिक्षण घेऊन, ठरवून दिलेल्या मर्यादेत रुग्णतपासणी, निदान, औषधयोजना आणि पाठपुरावा स्वतःच्या जबाबदारीवर करणारी परिचारिका. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिका-प्राध्यापिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी या शिक्षणाचा आरंभ केला. डॉक्टर पोचत नाहीत अशा वस्त्यांतील बालकांना नियमित वैद्यकीय सेवा मिळावी, हा त्यामागील हेतू होता. आज तेथे पदवीनंतर पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचे शिक्षण, राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि त्या त्या राज्याचा परवाना असा क्रम आहे. निम्म्याहून अधिक राज्यांत ही परिचारिका डॉक्टरांच्या देखरेखीविना काम करू शकते. इंग्लंडमध्ये विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना २००६ पासून बहुतांश औषधे स्वतंत्रपणे लिहून देता येतात. सारांश, शिक्षण, परीक्षा, नोंदणी आणि अधिकार या चार पायऱ्या तेथे एकाच जिन्याच्या आहेत.

आपल्याकडील जिना कसा आहे? बारावीनंतर दोन वर्षांचा ए. एन. एम., तीन वर्षांचा जी. एन. एम. आणि चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग हे तीन प्रवेशमार्ग आहेत. बी. एस्सी. साठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय आवश्यक असून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी. एन. एम. झालेल्या मुलीला पोस्ट बेसिक बी. एस्सी. करून पदवीधर होता येते. ही पदवी आपल्या राज्यात मुख्यतः महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, म्हणजे ज्या नाशिकच्या विद्यापीठाने बी. ए. एम. एस. ची पदवी आपल्या मुलांना दिली, त्याच विद्यापीठाची. त्यापुढे दोन वर्षांचे एम. एस्सी. नर्सिंग आहे, पण त्या वाटेने जाणारी बहुतेक मंडळी अध्यापनाकडे वळतात. रुग्णाजवळ राहूनच वर चढू इच्छिणाऱ्या परिचारिकेसाठी गेल्या दशकभरात तीन वाटा निर्माण झाल्या.

पहिली वाट अतिदक्षता विभागाची. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा, पदव्युत्तर दर्जाचा निवासी अभ्यासक्रम आखला. बी. एस्सी. नर्सिंग, परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव ही त्याची पात्रता. वर्गापेक्षा रुग्णालयातील कामावर त्याचा भर आहे. ही परिचारिका ठरवून दिलेल्या उपचारक्रमानुसार अत्यवस्थ रुग्णाची जबाबदारी घेते. हा अभ्यासक्रम शिकविण्यास मोठे अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय लागते. तेव्हा वाशीमच्या मुलीला त्यासाठी घर सोडणे भागच आहे.

दुसरी वाट प्रसूतिसेवेची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत, अनुभवी परिचारिकेला आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ तयार करावी, म्हणजे गुंतागुंत नसलेली प्रसूती ती स्वतः सांभाळील, असा त्यांचा आशय आहे. शेजारच्या तेलंगण राज्याने त्याच्याही आधी, २०१७ साली, हैदराबादच्या एका प्रसूतिसंस्थेच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने करीमनगर येथे तीस परिचारिकांचे असेच प्रशिक्षण सुरू केले होते. पूर्णेमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे वाशीमवरूनच जाते. उदाहरण दूरचे नाही.

तिसरी वाट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पद आले. बी. एस्सी. नर्सिंग, जी. एन. एम. किंवा बी. ए. एम. एस. यांपैकी शिक्षण आणि त्यावर सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही त्याची मूळ पात्रता. पुढे हा पाठ्यभाग बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच समाविष्ट झाला. ही केंद्रे २०२३ च्या अखेरीपासून आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. पद कंत्राटी असले तरी गावपातळीवर पदवीधर परिचारिकेला काही निर्णयाधिकार देणारी ही पहिली मोठी रचना होय. रक्तदाब वा मधुमेहाच्या रुग्णाला वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविलेले औषध पुढे चालू ठेवणे, दूरसंवादाद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे, धोक्याची लक्षणे ओळखून रुग्ण वर पाठविणे ही तिची कामे.

येथे थोडे आत्मपरीक्षण करू. वैद्य आणि परिचारिका या दोघांना एकाच पदासाठी पात्र ठरविले गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ते अपमानास्पद वाटले. “साडेपाच वर्षे शिकलेला वैद्य आणि नर्स एकाच रांगेत?” असे उद्गार आपल्याच बैठकांत निघाले, आणि मीही तेव्हा मान डोलावली. आज वाटते, आपला रोष चुकीच्या ठिकाणी होता. वैद्याला पुरेसे स्थान न देणाऱ्या व्यवस्थेविषयी तक्रार अवश्य करावी. पण दुसऱ्या पात्र व्यक्तीला मिळालेली पायरी हे त्या तक्रारीचे कारण होऊ शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या तिन्ही वाटा पुढे जाऊन कोठे थांबतात? त्या सहीपाशी थांबतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ नुसार अनुसूची ‘एच’ मधील औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच देता येते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांची तर स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. नर्स प्रॅक्टिशनर झालेली परिचारिका या व्याख्येत केवळ आपल्या शिक्षणाच्या बळावर बसत नाही. तिने रुग्णालयात ठरलेल्या उपचारक्रमानुसार औषध दिले तर चालते. तेच औषध कागदावर लिहून रुग्णाला दुकानात पाठविले तर औषध विक्रेता ते देऊ शकत नाही. दोष विक्रेत्याचा नाही. परवाना त्याचा पणाला लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ यास मर्यादित परवाना देण्याची, आणि प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहू देण्याची तरतूद झाली. परंतु कायद्यातील तरतुदीने कोणाची सही आपोआप वैध होत नाही. त्यासाठी नियम, नोंदवही आणि औषधांची यादी लागते.

शिक्षण आहे आणि अधिकार अनिश्चित आहे, ही अवस्था आपल्याला नवी आहे काय? वैद्यबंधूंनो, ही तर आपलीच कथा आहे. आपल्या अभ्यासक्रमात आधुनिक औषधशास्त्राचे विषय होते, आपले विद्यार्थी शासकीय रुग्णालयांत आंतरवासिता करीत होते, प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार वाहत होते. तरीही आपल्या चिठ्ठीचे कायदेशीर स्थान वर्षानुवर्षे वादात राहिले. २५ नोव्हेंबर १९९२ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली नोंदलेल्या वैद्यांपैकी विशिष्ट वर्गांना औषध नियमांपुरती मान्यता दिली. डॉ. मुख्तियारचंद विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तत्त्व सांगितले, की राज्याचा कायदा ज्यांना आधुनिक वैद्यकाच्या व्यवसायाचा अधिकार देतो, त्यांनाच अशा मान्यतेचा लाभ मिळेल. म्हणजे नुसती पदवी पुरत नाही, त्या पदवीला कायद्याने दिलेला अधिकार असावा लागतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये शल्य व शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रिया नियमांत नमूद झाल्या, तेव्हा ११ डिसेंबरला आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशभर काम बंद ठेवले. त्या वेळी आपण काय म्हणत होतो? शिक्षण पाहा, प्रशिक्षण पाहा, मग अधिकार ठरवा. हाच न्याय आपण परिचारिकेला नाकारला, तर आपल्या त्या युक्तिवादात तत्त्व नव्हते, केवळ स्वार्थ होता, असे म्हणण्याची संधी आपण विरोधकांना देऊ.

तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की यामुळे खेड्यातील वैद्याचा व्यवसाय बुडेल. अनुभव वेगळा आहे. रिसोड, मालेगाव वा मानोरा तालुक्यातील आडगावी रुग्ण आज वैद्य सोडून परिचारिकेकडे जातो असे नाही. तो कोणतेही शिक्षण नसलेल्या सुईवाल्याकडे जातो किंवा दुखणे अंगावर काढतो. त्याला वेळेवर तपासून योग्य ठिकाणी पाठविणारी शिक्षित व्यक्ती गावात असली, तर तो रुग्ण आपल्याकडे लवकर आणि बऱ्या अवस्थेत येईल. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो रास्त आहे, आणि म्हणूनच अधिकार मर्यादित, यादीबद्ध आणि देखरेखीखालील असावा. उपकेंद्रातील ए. एन. एम. ला प्रसूतीच्या आणीबाणीत ठरावीक इंजेक्शन देण्याची मुभा शासनाने मार्गदर्शक सूचनांद्वारे पूर्वीच दिली आहे. कारण रक्तस्राव किंवा झटके डॉक्टरांची गाडी येईपर्यंत थांबत नाहीत. तिसरा आक्षेप असा, की उद्या ही मंडळी दवाखान्याचे फलक लावतील. त्यावर उपाय नोंदणीचाच आहे. जिची नोंद आहे, तिला जाब विचारता येतो. जिची नोंद नाही, तिला कोणी विचारायचे?

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय अधिकच महत्त्वाचा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम हे चारच जिल्हे त्या यादीत होते. आरोग्य हा त्या निवडीचा एक मुख्य निकष होता. २०२४ साली जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पहिल्या तुकडीचे विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडण्यास वर्षे लागतील, आणि त्यांतील किती सहाही तालुक्यांच्या खेड्यांत राहतील, हे सुज्ञांस सांगावयास नको. येथील शेतकऱ्यांच्या, तांड्यांवरील कुटुंबांच्या मुली मात्र नर्सिंग शिकत आहेत. शिकून त्या पुण्या-मुंबईला जातात. येथे राहिले तर दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षाचेच काम करावे लागते, हे त्यांना दिसते. त्यांना थांबविण्याचा मार्ग म्हणजे येथेच वर चढण्याची सोय करणे.

त्याची सुरुवात आपल्या उंबरठ्याच्या आत व्हावी. आपल्या काही रुग्णालयांत दहावी-बारावी झालेल्या मुलींना चार दिवस इंजेक्शन शिकवून पांढरा कोट दिला जातो आणि त्यांना ‘सिस्टर’ म्हटले जाते. हे बोलणे कटू असले तरी आपल्याच व्यासपीठावर बोलले पाहिजे. यात शिकलेल्या परिचारिकेचे वेतन पडते, रुग्णाचा जीव धोक्यात येतो आणि त्या अशिक्षित ठेवलेल्या मुलीचेही आयुष्य वाया जाते. अशा मुलीला ए. एन. एम. किंवा जी. एन. एम. साठी पाठवावे, जी. एन. एम. झालेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक पदवीसाठी रजा द्यावी आणि परत येण्याच्या बोलीवर शुल्काचा काही भार उचलावा. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला विद्यापीठाची संलग्नता व परिषदेची मान्यता आहे ना, याची खात्री वडीलकीच्या नात्याने आपणच करून द्यावी. मान्यता नसलेल्या संस्थेत पैसे भरून बसलेल्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

औषधी दुकानदार बंधूंना दोन गोष्टींची विनंती आहे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक पाहण्याचा शिरस्ता सर्वांसाठी सारखा ठेवावा. चिठ्ठी ओळखीच्या वैद्याची असो वा मोठ्या रुग्णालयाची. आणि आरोग्य मंदिरातील परिचारिकेने पाठविलेल्या रुग्णाला नुसते परत न पाठविता, कोणाची सही आणावी लागेल आणि ती कोठे मिळेल, हे समजावून सांगावे. उद्या नियम बदलले, तर त्यांची अंमलबजावणी प्रथम आपल्याच गल्ल्यावर होणार आहे.

संघटनेच्या पातळीवर करण्याजोगे कार्यही स्पष्ट आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सुईणसेवा आयोग कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय व राज्य आयोगांची आणि नोंदवह्यांची तरतूद आहे. या नव्या रचनेच्या निमित्ताने चार मागण्या आपल्या संघटनेने राज्य शासनाकडे कराव्यात. नर्स प्रॅक्टिशनरची नोंद राज्याच्या नोंदवहीत स्वतंत्र सदरात व्हावी. तिला लिहिता येतील अशा औषधांची यादी आणि उपचारक्रम शासनाने राजपत्रात जाहीर करावा आणि औषध नियमांशी त्याचा मेळ घालावा. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत या शिक्षणाचे नियमित वेतनाचे पद असावे. आणि तिने रुग्ण कोणाकडे पाठवायचा, याच्या क्रमात नोंदणीकृत वैद्याचे स्थान स्पष्ट असावे. शेवटच्या मागणीत आपलाही हितसंबंध आहे, तो मी लपवीत नाही. परंतु पहिल्या तीन मागण्यांखेरीज ती एकटी करणे शोभणार नाही.

ज्या परिचारिकेने मला प्रश्न विचारला, तिने अखेर समुदाय आरोग्य अधिकारी होणे पत्करले. आज ती एका उपकेंद्रात आहे. मागील पावसाळ्यात तिने एका वृद्ध शेतकऱ्यास माझ्याकडे पाठविले. सोबतच्या कागदावर नाडीचे ठोके, रक्तदाब, साखर, किती दिवसांचा त्रास, आधी कोणते औषध चालू होते आणि तिला कोणती शंका येते, हे सारे नीट अक्षरांत होते. शंका बरोबर निघाली. माझ्याकडे मोठ्या रुग्णालयांतून येणाऱ्या अनेक चिठ्ठ्यांत इतकी माहिती नसते. कागदाखाली तिचे नाव आणि हुद्दा होता. त्या कागदावर दुकानातून एक गोळीही मिळाली नसती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून तिला दिलेले नाही. ते मला एकट्याला देताही येणार नाही. जिल्हा शाखेच्या आगामी वार्षिक सभेत वरील चार मागण्यांचा ठराव विचारार्थ घ्यावा, आणि त्या सभेस जिल्ह्यातील परिचारिकांच्या प्रतिनिधींना निमंत्रित करून त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे, अशी पदाधिकाऱ्यांस व सर्व सभासद बंधू-भगिनींस नम्र विनंती आहे.